तीळ, केस आणि मिठाची चिमूट : इंग्रजीतील अल्पत्वदर्शक वाक्प्रचार

‘अगदी थोडे’ हे सांगण्यासाठी मराठीत शब्दांची टंचाई नाही. तीळभर, कणभर, गुंजभर, लवमात्र, चिमूटभर, नखभर, तसूभर, सूतभर अशी ही मालिका बरीच लांबवता येईल. यांतला प्रत्येक शब्द कुठल्या तरी घरातून भाषेत आलेला आहे. तीळ आणि चिमूट स्वयंपाकघरातून आले, गुंज सोनाराच्या तराजूतून, सूत सुताराच्या पट्टीवरून. तसू हा गजाचा चोविसावा भाग. मोजमापे बदलली, गज गेला, आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा हे कोष्टकही शाळेतून हद्दपार झाले. तरी ‘तो तसूभरही मागे हटला नाही’ असे आपण आजही म्हणतो. आणि म्हणताना चुकत नाही. ‘भाजीत तसूभर मीठ घाल’ किंवा ‘तो गुंजभर मागे सरकला’ असे कोणाही मराठी माणसाच्या तोंडून येणार नाही. हे आपल्याला कोणी शिकवलेले नसते. ते कानाने शिकलेले असते.

इंग्रजीच्या बाबतीत हा कान आपल्याला मिळालेला नसतो. आपल्या विद्यार्थ्यांजवळ असते ती व्याकरणाच्या पुस्तकाच्या शेवटी दिलेली वाक्प्रचारांची यादी, आणि तीत दहा वाक्प्रचारांपुढे ‘अत्यल्प’ हा एकच अर्थ. मग या दहांतला कोणताही एक कुठेही बसवला जातो. वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध असते, पण इंग्रजी जाणणाऱ्याला ते ‘तसूभर मीठ’ मागितल्यासारखे वाटते. प्रस्तुत लेखात या वाक्प्रचारांची यादी वाढविण्याचा विचार नाही. मोजकेच वाक्प्रचार घेऊन ते कोठे चालतात, कोठे अडतात आणि का अडतात एवढेच पाहावयाचे आहे.

प्रथम निसटत्या फरकाचे वाक्प्रचार घेऊ. ‘बाय द स्किन ऑफ वन्स टीथ’ हा बायबलमधला. जुन्या करारातील ईयोबाच्या ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायातून तो इंग्रजीत आला. दातांना कातडी नसते. तेव्हा दातांच्या कातडीएवढ्या अंतराने वाचणे म्हणजे जवळजवळ शून्य अंतराने वाचणे. १६११ च्या इंग्रजी बायबलात येथे ‘विथ’ हे अव्यय आहे, आजच्या व्यवहारात ‘बाय’ रूढ झाले आहे. या वाक्प्रचाराचे खरे मर्म असे की तो केवळ वाचणाऱ्याचा आहे. पस्तीस गुणांची अट असताना ज्याला नेमके पस्तीस मिळाले, तो ‘बाय द स्किन ऑफ हिज टीथ’ पास झाला. ज्याला चौतीस मिळाले तो मात्र ‘बाय द स्किन ऑफ हिज टीथ’ नापास झाला असे म्हणता येत नाही. उत्तरपत्रिकांत ही चूक वारंवार आढळते, कारण यादीत अर्थ फक्त ‘थोडक्या फरकाने’ असा दिलेला असतो. चौतीसवाल्यासाठी ‘बाय वन मार्क’ किंवा ‘नॅरोली’ हे साधे शब्द पुरेसे आहेत.

‘क्लोज शेव्ह’ याच कुळातला. वस्तरा कातडीला लागून गेला, पण कापले नाही. हाही संकटातून सुटलेल्याचाच. मराठीत त्याच्या जवळ जाणारी म्हण म्हणून ‘जिवावरचे शेपटावर निभावले’ असे सांगण्याची प्रथा आहे. ती जवळची आहे, पण तीच नव्हे. आपल्या म्हणीत काहीतरी किंमत मोजली जाते. जीव वाचतो, पण शेपूट जाते. इंग्रजीतल्या ‘क्लोज शेव्ह’मध्ये काहीच जात नाही. मोटारीच्या अपघातात ज्याचा हात मोडला पण प्राण वाचले, त्याला मराठी म्हण शोभते. ज्याच्या सदऱ्याला नुसती धूळ लागली त्याला इंग्रजी वाक्प्रचार शोभतो.

हरणाऱ्यासाठी आणि जिंकणाऱ्यासाठी सारखाच चालणारा शब्द हवा असेल तर ‘बाय ए व्हिस्कर’ किंवा ‘बाय ए हेअर्स ब्रेड्थ’ घ्यावा. व्हिस्कर म्हणजे मांजराच्या किंवा माणसाच्या मिशीचा केस. ८ ऑगस्ट १९८४ रोजी लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये पी. टी. उषा चारशे मीटर अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत चौथी आली. तिची वेळ होती ५५.४२ सेकंद, तिसऱ्या आलेल्या रुमानियाच्या क्रिस्टियाना कोजोकारूची ५५.४१. सेकंदाच्या शंभराव्या भागाने कांस्यपदक गेले. ‘उषा मिस्ड द ब्राँझ बाय ए व्हिस्कर’ हे वाक्य येथे चपखल बसते. कोजोकारूच्या बाजूनेही तेच वापरता येते. तिने पदक ‘बाय ए व्हिस्कर’ मिळविले. शिवाय तिने ते ‘बाय द स्किन ऑफ हर टीथ’ मिळविले असेही म्हणता येईल. उषाच्या बाबतीत मात्र तसे म्हणता येणार नाही. एकाच शर्यतीतली ही दोन माणसे डोळ्यांपुढे ठेवली तर या वाक्प्रचारांतला भेद पाठ करावा लागत नाही.

उषाच्या शर्यतीला आणखी एक वाक्प्रचार लागू पडतो, ‘विदिन ॲन एस ऑफ’. ‘शी केम विदिन ॲन एस ऑफ विनिंग ए मेडल’, म्हणजे पदक अगदी हाताशी आले होते, पण आले नाही. येथे एस म्हणजे पत्त्यांतला सर्वांत मोठा एक्का नव्हे. तो फाशावरचा एक टिंब, सर्वांत लहान दान. पत्त्यांचाच विचार मनात धरल्याने आपले विद्यार्थी ‘विदिन ॲन एस’ याचा अर्थ काहीतरी मोठे, श्रेष्ठ असा लावतात. लक्षात ठेवण्याची दुसरी गोष्ट म्हणजे यात घटना घडत नाही. घडण्याच्या काठावरून परत फिरते.

आणि ज्यांना हे सारे बारीक मोजमाप व्यर्थ वाटते, त्यांच्यासाठी इंग्रजीत ‘ए मिस इज ॲज गुड ॲज ए माइल’ ही म्हण आहे. हुकले ते हुकलेच. केसाने हुकले काय आणि मैलाने हुकले काय! या म्हणीच्या जुन्या रूपात एका बाजूला इंच आणि दुसऱ्या बाजूला एल होता. एल हे कापड मोजायचे पंचेचाळीस इंचांचे इंग्रजी माप. एल व्यवहारातून गेला आणि म्हणीत त्याच्या जागी मैल आला. आपला तसू मात्र व्यवहारातून जाऊनही भाषेत टिकला. मात्र ही म्हण हुकलेल्या माणसाच्या तोंडावर म्हणू नये. क्रीडावार्ताहराने ती उषाविषयी वापरली असती तर ती क्रूर ठरली असती. संकट जवळून गेले आणि मंडळी उगाच घाबरलेली आहेत, अशा वेळी धीर देण्यासाठी ती बरी.

केस हा शब्द दोन्ही भाषांत सूक्ष्मतेचे प्रतीक आहे, आणि म्हणूनच तो दोन्हीकडे फसवतो. ‘केसालाही धक्का लागणार नाही’ याला इंग्रजीत जवळजवळ शब्दशः जोड सापडते; तिथेही डोक्यावरच्या एका केसालादेखील इजा न करण्याची भाषा आहे. तेवढ्यावर विसंबून पुढे जाऊ नये. ‘स्प्लिटिंग हेअर्स’ म्हणजे केस चिरणे. आपल्याकडे त्यासाठी शब्दाचा कीस काढतात किंवा काथ्याकूट करतात. ‘केसाने गळा कापणे’ यात केस आहे पण फरक नाही. तो विश्वासघात आहे. ‘ही डिड नॉट टर्न ए हेअर’ यातही केस आहे, पण अर्थ ‘तो यत्किंचितही डगमगला नाही’ असा. तीळाचेही तसेच. तिळमात्र म्हणजे थोडे. पण एखाद्याचा तिळपापड झाला तर तो थोडा रागावला असे कोणी समजणार नाही!

इंच हा शब्द तर याहून चमत्कारिक. ‘ही डिड नॉट बज ॲन इंच’ हे आपल्या ‘तसूभरही हलला नाही’ याचे नेमके भाषांतर. दोन्हीकडे लांबीचे लहान माप, दोन्हीकडे नकार. पण ‘एव्हरी इंच ए जंटलमन’ म्हटले की तोच इंच संपूर्णतेचा वाचक होतो, नखशिखान्त सज्जन. ‘विदिन ॲन इंच ऑफ हिज लाइफ’ मारले म्हणजे मरणाच्या दारापर्यंत पोचेल इतके मारले. आणि ‘टु डाय बाय इंचेस’ म्हणजे झिजून झिजून मरणे. एकच माप, कुठे अत्यल्प, कुठे सर्व, कुठे हळूहळू. शब्दाचा अर्थ शब्दकोशात असतो, वाक्प्रचाराचा अर्थ त्याच्या शेजाऱ्यांत असतो.

आता नकारात राहणारे वाक्प्रचार. ‘नॉट ॲन आयोटा’, ‘नॉट ए व्हिट’, ‘नॉट ए श्रेड’, ‘नॉट ॲन औन्स’. आयोटा ही ग्रीक वर्णमालेतली सर्वांत लहान अक्षराकृती, नुसती एक उभी रेघ. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात, धर्मशास्त्रातील एक लहानसे अक्षर किंवा अक्षराचा एक फाटादेखील नाहीसा होणार नाही, अशा आशयाचे वचन आहे. तिथल्या ग्रीक मजकुरात हा आयोटा आहे. इंग्रजी बायबलात त्याचे ‘जॉट’ झाले आणि सोबत ‘टिटल’ आले. आपल्या ‘काना-मात्रेचाही फरक नाही’ या प्रयोगाचा हा सख्खा भाऊ. याची उत्पत्ती पुष्कळदा वेगळी सांगितली जाते. इ. स. ३२५ मध्ये नायसिया येथे भरलेल्या धर्मपरिषदेच्या आगेमागे, पुत्र हा पित्याशी ‘एकतत्त्व’ की ‘समानतत्त्व’, या वादात दोन ग्रीक शब्दांमध्ये फक्त एका आयोटाचा फरक होता, आणि त्यावरून हा वाक्प्रचार निघाला, अशी ती कथा. वाद खरा आहे, आयोटाचा फरकही खरा आहे. पण मत्तयाचे वचन त्याहून जुने असल्यामुळे उत्पत्ती तेथेच मानणे योग्य. मात्र एका अक्षराने काय बिघडते असे म्हणणाऱ्यांनी ती कथा जरूर लक्षात ठेवावी. मराठीतही ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत एका वेलांटीचेच अंतर आहे.

हे सर्व वाक्प्रचार होकारात चालत नाहीत. ‘ही हॅज ॲन आयोटा ऑफ सेन्स’ हे इंग्रजी नव्हे. ‘देअर इज नॉट ए श्रेड ऑफ एव्हिडन्स’ होते. ‘आय हॅव ए श्रेड ऑफ एव्हिडन्स’ असे कोणताही वकील म्हणणार नाही. यात परके वाटण्यासारखे काही नाही. आपलाच ‘सुतराम’ पाहा. ‘माझा त्याच्याशी सुतराम संबंध नाही’ हे शुद्ध मराठी. ‘माझा त्याच्याशी सुतराम संबंध आहे’ म्हटले तर श्रोते हसतील. (जाता जाता : या सुतरामचा सुताराच्या सुताशी किंवा शिवणाच्या सुताशी काहीही संबंध नाही. ते संस्कृत अव्यय आहे, ‘अत्यंत, सर्वथा’ या अर्थाचे. ध्वनिसाम्यामुळे आपण त्याला अल्पत्वाच्या पंगतीत बसवतो, एवढेच.) होकारात लागणारे शब्द वेगळे आहेत : ‘ए ग्रेन ऑफ ट्रूथ’, ‘ए टच ऑफ फीव्हर’, ‘ए हिंट ऑफ गार्लिक’, ‘ए ग्लिमर ऑफ होप’. त्यांची जोडपीही ठरलेली आहेत. सत्याचा दाणा, तापाची कसर, आशेचा किरण. जोडपी फोडू नयेत.

‘ग्रेन’ हे औषधविक्यांचे आणि सोनारांचे माप. त्याच कोष्टकात वीस ग्रेनांचा एक ‘स्क्रुपल’ होत असे. हाच शब्द सदसद्विवेकाची खळखळ या अर्थीही आहे, आणि दोहोंच्या मुळाशी लॅटिनमधला ‘अणकुचीदार खडा’ आहे. वहाणेत अडकलेला खडा लहानच असतो, पण चालू देत नाही. आपण मनाची ‘टोचणी’ म्हणतो ती हीच.

मिठाच्या चिमटीविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. इंग्लंडमध्ये ‘विथ ए पिंच ऑफ सॉल्ट’, अमेरिकेत बहुधा ‘ग्रेन ऑफ सॉल्ट’. अर्थ एकच, ऐकलेले सगळे खरे मानू नये. प्लिनीच्या पहिल्या शतकातील ‘नॅचरल हिस्टरी’त मिथ्रिडेटीस राजाच्या विषावरील उताऱ्याच्या कृतीत मिठाचा एक कण घालावयास सांगितला आहे; तेथे मात्र ते खरेच मीठ होते, अविश्वासाचा अर्थ इंग्रजीत सतराव्या शतकातला. गंमत एवढीच की मराठी माणूस गोष्टीला मीठमसाला लावतो तो ती फुगवण्यासाठी, आणि इंग्रज मीठ टाकतो तो तिची फुगोटी उतरवण्यासाठी. तेव्हा या वाक्प्रचाराचे मराठी करताना मीठ वगळलेलेच बरे.

खरे नाजूक क्षेत्र आहे ते देण्याघेण्याचे. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपासारखी आपत्ती कोसळली आणि एखाद्या विद्यार्थ्याने मदतनिधीला पन्नास रुपये दिले. ‘ए ड्रॉप इन द ओशन’ हा वाक्प्रचार (अमेरिकेत ‘इन द बकेट’, यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात बादलीचाच थेंब आहे) तो स्वतः वापरू शकतो. गरज केवढी आणि माझी मदत केवढी, असा त्याचा भाव होईल. परंतु निधी गोळा करणाऱ्याने पावती फाडताना तेच म्हटले तर तो अपमान होईल. आपल्या ‘दर्यामें खसखस’चेही तसेच. ‘फूल ना फुलाची पाकळी’ ही देणाऱ्यानेच म्हणायची गोष्ट आहे. घेणारा ‘आपली पाकळी मिळाली’ म्हणत नाही.

‘विडोज माइट’ याच्या उलट. मार्काच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात एक गरीब विधवा मंदिराच्या दानपेटीत अगदी क्षुल्लक अशी दोन नाणी टाकते. श्रीमंतांनी शिलकीतून टाकले, हिने होते तेवढे सगळे टाकले, म्हणून तिचे दान सर्वांत मोठे ठरते. म्हणजे येथे रक्कम थोडी, पण माप रकमेचे नाही, देणाऱ्याच्या परिस्थितीचे आहे. एखाद्या कारखानदाराने लाख रुपयांच्या देणगीला नम्रपणे ‘माय विडोज माइट’ म्हटले तर त्याची नम्रता विनोदी होते. मोलकरणीने दिलेल्या दहा रुपयांबद्दल इतरांनी हा शब्द वापरला तर तो गौरव होतो. त्या दोन नाण्यांची किंमत इंग्रजी बायबलात एक फार्दिंग सांगितली आहे. इंग्लंडचा फार्दिंग १९६० अखेर चलनातून गेला. आपल्याकडेही पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून व्यवहारातून गेली. दमडी आणि पै त्याच्या कितीतरी आधी गेल्या. तरी पै-पै जोडणारी माणसे अजून आहेत, त्यांना नवे क्रियापद लागलेले नाही.

‘पीनट्स’ आणि ‘चिकन फीड’ हे पगाराविषयी बोलताना येतात : भुईमुगाच्या शेंगांवर राबणे, कोंबड्यांपुढे टाकायचे दाणे. दोन्ही बोलीतले, दोन्ही तुच्छतेचे. मित्राशी बोलताना खुशाल वापरावेत. नोकरीच्या अर्जात ‘माय प्रेझेंट एम्प्लॉयर पेज मी पीनट्स’ असे लिहू नये.

शेवटी ज्याला वाक्प्रचार म्हणायचे की व्याकरण, असा प्रश्न पडतो तो भाग. ‘लिटल’ आणि ‘ए लिटल’, ‘फ्यू’ आणि ‘ए फ्यू’. हा धडा आपण सर्वांनी आठवी-नववीत गिरवला आहे आणि तरी सर्वांत जास्त नुकसान याच ठिकाणी होते. ‘ही हॅज ए लिटल एक्स्पीरियन्स’ म्हणजे त्याला थोडा अनुभव आहे. ‘ही हॅज लिटल एक्स्पीरियन्स’ म्हणजे त्याला अनुभव जवळजवळ नाही. शिफारसपत्रातून ‘ए’ गळला तर उमेदवाराची नोकरी गळते. मराठीत हे काम शब्द नव्हे, सूर करतो : ‘थोडे पैसे आहेत’ आणि ‘पैसे थोडेच आहेत’. त्या ‘च’मध्ये जे आहे तेच इंग्रजीत ‘ए’च्या अभावात आहे. मग ‘क्वाइट ए फ्यू’ म्हणजे ‘बऱ्यापैकी थोडे’ असेल अशी कोणाची समजूत झाली तर नवल नाही; पण त्याचा अर्थ ‘पुष्कळ’ असा आहे. ‘नॉट ए लिटल’ म्हणजेही पुष्कळच.

इंग्रज माणूस ‘थोडे’ म्हणतो तेव्हा किती, हा प्रश्न एकदा रणांगणावर उभा राहिला. एप्रिल १९५१ मध्ये कोरियात इमजिन नदीवर ब्रिटिशांच्या ग्लॉस्टरशर रेजिमेंटच्या तुकडीला संख्येने अनेक पटींनी मोठ्या चिनी सैन्याने घेरले. ब्रिगेडियर ब्रॉडी यांनी आपल्या वरिष्ठ अमेरिकन सेनानीला परिस्थिती कळविली ती ‘थिंग्ज आर ए बिट स्टिकी’ या शब्दांत, असे सांगितले जाते. इंग्रजाच्या कानाला याचा अर्थ ‘आम्ही सर्वनाशाच्या दारात आहोत’. अमेरिकनाने ‘ए बिट’चा अर्थ ‘थोडेसे’ असाच घेतला. अडचण आहे, पण निभेल. ग्लॉस्टर्सची सुटका झाली नाही. पाचशेच्या वर सैनिक कैद झाले, थोडेच जण निसटून आपल्या फौजेकडे परत पोचले. (येथे ‘थोडेच’, ‘थोडे’ नव्हे.) एका शब्दानेच हे घडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, लढाईत कारणे अनेक असतात. पण बोलणारा आणि ऐकणारा दोघांचीही मातृभाषा इंग्रजी असताना हा घोटाळा होऊ शकतो, तर आपण किती सावध असले पाहिजे! कोणी इंग्रज वरिष्ठ ‘आय ॲम ए लिटल सरप्राइज्ड’ असे लिहील तेव्हा तो थोडा चकित झालेला नसतो, तो चांगलाच रागावलेला असतो.

आपला ‘जरा’ही याच जातीचा आहे. ‘जरा इकडे या’ यात येण्याचे प्रमाण कमी नसते, विनंतीची धार कमी केलेली असते. त्याचे ‘कम हिअर ए लिटल’ होत नाही. ‘कुड यू कम हिअर फॉर ए मोमेंट’ किंवा ‘प्लीज’ म्हणून मोकळे व्हावे. ‘जरा पाणी दे’ म्हणणाऱ्यालाही अर्धा पेला नको असतो.

विद्यार्थी मित्रांनी पुढील वाक्यांचे इंग्रजी करून पाहावे, आणि प्रत्येक ठिकाणी यादीतला पहिलाच वाक्प्रचार का चालत नाही याची चर्चा वर्गात करावी. बस दरीच्या काठावर थांबली, सगळे सुखरूप उतरले. एका मताने तो निवडणूक हरला. त्याच्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे. त्याच्या म्हणण्यात तिळमात्र तथ्य नाही. मंडळाकडे पैसे थोडेच उरले आहेत. मंडळाकडे अजून थोडे पैसे उरले आहेत. माझी ही फूल ना फुलाची पाकळी स्वीकारावी. जरा ऐका.